मकरंदला पत्र: भाड्याच्या गाडीचे कापलेले पैसे

रत्नागिरी,
रविवार

प्रिय मकरंद,

तू पाठवलेलं सगळं नीट पाहिलं. करारनामा, पावत्या, फोटो, आणि रात्री साडेबाराला टाकलेला तो "दोन लाखांची नोटीस ठोकतो" हा मेसेजसुद्धा. ठोकू नकोस. 11,000 रुपये भाड्याच्या गाडीसाठी दोन लाख मागितले की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुला लोभी ठरवतो, आणि मग तुझे खरे पैसेही त्याच संशयात अडकतात. आधी हिशोब बसवू, राग नंतर.

तुझी तीन वेगवेगळी भांडणं आहेत आणि तू ती एकात कालवतोयस. एक, गाडी ठरल्यासारखी नव्हती: एसी, टायर, ब्रेक, सगळ्याचीच रड. दोन, त्यामुळे तुझा वरखर्च झाला. तीन, उलट गाडी देणाऱ्यांनी तुझ्याच डिपॉझिटमधून "क्लच प्लेट जाळली" म्हणून 6,500 कापले. यातलं तिसरं सगळ्यात भक्कम आहे, कारण पैसे त्यांनी कापलेत, म्हणजे नुकसान झालं हे त्यांनी दाखवायचं. पहिल्या दोन्हींत पुरावा तुझ्याकडून लागतो. म्हणून ग्राहक तक्रारीच्या अर्जात क्लच वर घे, एसी खाली.

क्लचबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं त्यावरच आहे. गाडी गोव्यात मोपाला घेतलीस तेव्हा मीटर 78,412 होतं, परत देताना 78,731. म्हणजे 319 किलोमीटर. करमल घाटात रेस वाढत होती पण गाडी चढत नव्हती, हे लक्षण क्लच घसरल्याचं, त्यात वाद नाही. वाद एवढाच की तो तुझ्या हातून गेला की आधीच गेलेला होता. 319 किलोमीटरमध्ये क्लच जाळता येतच नाही असं मात्र लिहू नकोस. चढावर पाय अर्धवट दाबून गाडी धरून ठेवली तर तासाभरातही जाळता येतो, आणि त्यांचा मेकॅनिक नेमकं हेच सांगेल. तू मागायची आहे ती जुनी प्लेट. काढलेली प्लेट, आणि ती ज्या दोघांमध्ये दाबली जाते त्या प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचा (इंजिनाच्या जड चाकाचा) फोटो.

अचानक उष्णतेने जळालेल्या क्लचमध्ये फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर निळसर-जांभळे डाग पडतात, प्लेटचं अस्तर काचेसारखं चकचकीत होतं, कधी त्याला तडे जातात. झिजून संपलेला क्लच वेगळा दिसतो: अस्तर सगळीकडे सारखं पातळ होऊन रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलेलं असतं. असं झिजायला हजारो किलोमीटर लागतात, ते पाच दिवसांत होत नाही. तिसरी शक्यता तेलाची. इंजिनच्या मागचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळत असेल तर प्लेट तेलाने काळी होते आणि घसरते, तिथे ड्रायव्हरचा काहीच संबंध नाही. त्यांनी प्लेट भंगारात टाकली म्हटलं तर उत्तम, तसं लेखी घे. पैसे कापणाऱ्यानेच पुरावा फेकला, हे तुझ्या बाजूने बोलतं.

त्याबरोबर क्लच सेट बदलल्याचं जीएसटी बिल माग. बिलावर त्याच गाडीचा नंबर, तू गाडी दिल्यानंतरची तारीख, प्लेट-प्रेशर प्लेट-रिलीज बेअरिंग वेगवेगळं आणि मजुरी स्वतंत्र असायला हवी. आत्ता तुझ्याकडे आहे ते नुसतं एस्टिमेट, त्यावर गाडीचा नंबरसुद्धा नाही. एस्टिमेट म्हणजे खर्च नव्हे. आणि शनिवारी दुपारी तू गाडी दिलीस, रविवारी सकाळी तीच गाडी भाड्याच्या गाड्यांच्या त्या अॅपवर बुकिंगला दिसत होती असं वहिनी म्हणाल्या. त्यांच्याकडे स्क्रीनशॉट असेल तर तो सोन्यासारखा जप. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते शनिवारी संध्याकाळी उरकून सकाळी गाडी भाड्यावर गेली असेल तर त्यांनी तसं दाखवावं.

समज, चूक तुझीच निघाली. तरी नव्या सेटचे पूर्ण पैसे लागू होत नाहीत. 78,000 चाललेल्या गाडीतला क्लच जुना भाग आहे. उरलेल्या आयुष्याचा वाटा फार तर तुझ्याकडे येईल. भारतीय करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात रक्कम आधीच लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि ती त्या आकड्याच्या वर जात नाही. याच 1872 च्या कायद्यात कलम 150 आहे, ते तर तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल तर देणाऱ्याला तो माहीत असो वा नसो, नुकसानीला तोच जबाबदार. त्या कलमाखाली दिलेलं उदाहरणही भाड्याच्या गाडीचंच आहे, फक्त त्या काळी पुढे घोडा असायचा. "आम्हाला काही कल्पना नव्हती" हा त्यांचा मेसेज या कलमापुढे टिकत नाही.

आता टायर. डाव्या पुढच्या टायरचा तुझा फोटो चांगला आहे पण अर्धवट. खाचेच्या तळाशी मधूनमधून रबराचा छोटा उंचवटा असतो, टायरच्या कडेला तिथे टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) किंवा बाण कोरलेला असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की खोली 1.6 मिलिमीटरवर आली, म्हणजे टायर कायद्यानेही बाद. तुझ्या फोटोत दोन उंचवटे नक्षीच्या बरोबरीने दिसतात, ते लाल गोल करून दाखव. कडेचे शेवटचे चार आकडे 2317 आहेत, म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. हा टायर किती जुना झाला हे कुणाला वेगळं सांगायची गरज नाही. फक्त एक लक्षात ठेव: टायर गुळगुळीत होता म्हणून तुझे पैसे गेले ते पंक्चरपुरते. स्टेपनीत हवा नाही आणि टॉमी (चाक खोलायचं हत्यार) गायब, यामुळे तू रस्त्यावर अडकलास. बाकी टायरचा फोटो "गाडीची देखभालच नव्हती" हे दाखवायला, आणि ते क्लचच्या मुद्द्याला जोडायला.

आकडे असे धर. एसी नीट चालला नाही असे चार दिवस, दिवसाचं भाडं 2,200, त्याचा पाव हिस्सा 550, म्हणजे 2,200. तिसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये उभी होती तेव्हाची टॅक्सी 3,400. पंक्चर आणि स्टेपनीची हवा 400. कापलेले 6,500. बेरीज 12,500. तू तिसऱ्या दिवसाचं भाडंही परत मागितलंयस, ते काढून टाक. टॅक्सीचे पैसेही हवेत आणि त्या दिवसाचं भाडंही, म्हणजे तो दिवस तू फुकट फिरलास असा अर्थ होतो, आणि एकदा असा दुबार हिशोब सापडला की बाकीच्या ओळीही तपासल्या जातात. वर त्रासापोटी 10,000 आणि तक्रारीचा खर्च 5,000 माग, 12,500 वर कपातीच्या तारखेपासून 9 टक्के व्याज. त्रासाची रक्कम ग्राहक आयोग सहसा कापतो, पण मागितलीच नाही तर मिळणारही नाही.

तुझी कच्ची बाजूही ऐक. परत देताना "तपासून दिली" या ओळीखाली तू मुकाट सही केलीस. शेजारी "कपात अमान्य" एवढं लिहायला हवं होतं. दुसरं, ब्रेक कर्कश वाजत असताना तू आणखी दोन दिवस गाडी चालवलीस. ते विचारतील, मग गाडी परत का नाही दिलीत? याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी 8.40 चा तुझा मेसेज आणि त्यानंतरचे चार न उचललेले फोन. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आजच काढ, फोन जुने कॉल पुसतो. व्हॉट्सअॅप चॅट फोटोंसकट एक्स्पोर्ट कर. आणि फोटोंच्या मूळ फाइल गॅलरीतून थेट ईमेलवर टाक, व्हॉट्सअॅपवरून नको, कारण व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं तेव्हा आतली तारीख-वेळ निघून जाते. काणकोणच्या मेकॅनिकने दिलेली चिठ्ठी पुरेशी नाही; त्याला फोन करून गाडीचा नंबर, मीटर, तारीख आणि "क्लच आधीपासून संपलेला" हे चार ओळींत, शिक्क्यासह लिहून मागव. तो लिहून देत नसेल तर त्याच्या नावावर काही दडपून सांगू नकोस.

क्रेडिट कार्डाने डिपॉझिट भरलं असशील तर उद्याच बँकेला चार्जबॅकसाठी, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत फिरवून घेण्यासाठी, लिही, तिथली मुदत थोडी असते. यूपीआयने दिलं असेल तर त्या रस्त्यावर फार भिस्त ठेवू नकोस.

मग नोटीस. दोन पानांपेक्षा मोठी नको, 15 दिवसांची मुदत, स्पीड पोस्टाने पोच मागवून आणि त्याच दिवशी ईमेलने. अॅपवाल्यांना आणि गाडीच्या मालकाला, दोघांनाही. एकालाच पाठवलीस तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याला वेगळा ईमेल कर, तिकीट नंबर जपून ठेव. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद कर. तिथे आदेश निघत नाही, पण कंपनीला वरून विचारणा जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

पंधरा दिवसांत हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात "वाद फक्त गोव्याच्या न्यायालयात" असं छापलंय, त्याने घाबरू नकोस. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तू जिथे राहतोस तिथेच, म्हणजे पुण्यात, तक्रार करता येते. लवादाचं, म्हणजे वाद खाजगी पंचाकडे न्यायचं, कलमही अडवत नाही, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफच्या प्रकरणात ते स्पष्ट केलंय. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली की फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार ऑनलाइन जाते. पूर्वी त्यासाठी ई-दाखिल पोर्टल होतं, 2025 पासून ई-जागृती. तक्रार, प्रतिज्ञापत्र, पानांवर क्रमांक घातलेले कागद आणि तारखांची एक यादी, एवढं पुरे. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम तिथे लावत नाहीत, प्रतिज्ञापत्रावर काम चालतं. समोरच्याला उत्तराला 30 दिवस, वर फार तर 15. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो; तू वर्ष धरून चाल. मधे तडजोडीची विचारणा होईल, तेव्हा 12,500 पैकी दहा-साडेदहा हातात येत असतील तर घेऊन मोकळा हो.

तू विचारलंस, आरटीओत तक्रार करू का. तुझ्या फोटोत पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देण्याची रीतसर नोंद. पांढरी पाटी असती तर गोष्ट वेगळी होती, खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. तरी सरकारच्या एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या तारखा बघ. काही संपलेलं निघालं तर तक्रार जरूर कर, पण "पैसे द्या नाहीतर आरटीओत जातो" हे वाक्य कुठेही लिहू नकोस, फोनवरसुद्धा बोलू नकोस. ते खंडणीसारखं वाचलं जातं.

नोटिशीचा मसुदा मी बुधवारपर्यंत पाठवतो, पण त्याआधी मला तीन गोष्टी लागतील: स्टेपनीच्या फोटोची मूळ फाइल, वहिनींचा तो स्क्रीनशॉट, आणि करारनाम्याचं मागचं पान. तू पुढचंच स्कॅन केलंयस, अटी मागे असतात.

तुझा,
नंदू

ता. क. टॅक्सीच्या पावतीवर तारीख पुसट आहे. ड्रायव्हरचा नंबर असेल तर दुसरी मागव, आहे त्या पावतीवर स्वतः पेनने तारीख गिरवू नकोस.