संस्थेचे नाव चित्रात कोंडू नये

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये, शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि धर्मादाय न्यास यांनी गेल्या काही वर्षांत स्वतःची संकेतस्थळे सुरू केली, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या संकेतस्थळांच्या माथ्यावर जे रुंद चित्र असते, ज्याला आपण सगळेच हेडर किंवा बॅनर म्हणतो, ते तयार करताना एक चूक सर्रास होते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मी छपाई आणि मांडणीच्या व्यवसायात असल्यामुळे हे काम जवळून पाहतो, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे एवढेच आहे की संस्थेचे नाव हेडरच्या चित्रात मिसळून टाकू नये. चित्र वेगळे असावे आणि नाव त्यावर खऱ्याखुऱ्या युनिकोड मजकुराच्या, म्हणजे कोणत्याही संगणकाला वा फोनला अक्षरे म्हणून ओळखता येतील अशा मजकुराच्या, रूपात लिहिलेले असावे.

सध्याची रीत अशी आहे. संस्थेच्या कार्यालयातून लेटरहेडचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि येतानाच त्याचा दर्जा उतरलेला असतो. त्यातले बोधचिन्ह कापून मोठे केले जाते. डावीकडे संस्थापकांचे छायाचित्र, उजवीकडे विद्यमान अध्यक्षांचे, पाठीमागे इमारत, मधोमध लाल कडा आणि सावली दिलेल्या पिवळ्या अक्षरांत नाव, त्याखाली नोंदणी क्रमांक, स्थापनेचे साल, पत्ता आणि दूरध्वनी, असा सगळा ऐवज एका जेपीजी फाइलमध्ये सपाट करून संकेतस्थळावर चढवला जातो. कार्यालयातील संगणकावर तो भरगच्च पण वाचनीय दिसतो आणि कार्यकारिणीची मंजुरीही त्याच पडद्यावर मिळते. पदाधिकारी बदलले की पुढच्या निवडणुकीनंतर सगळे पुन्हा करावे लागते, हा भाग वेगळा.

वाचक मात्र ते हेडर मोबाइलवर पाहतो, आणि तिथे साधे त्रैराशिक आडवे येते. १२०० पिक्सेल रुंद आणि ३०० पिक्सेल उंच चित्र ३६० पिक्सेल रुंदीच्या जागेत बसवले की त्याची उंची ९० वर येते आणि ज्या अक्षरांची उंची मुळात ४० होती ती १२ वर येतात. रोमन अक्षरे या मापात कशीबशी तग धरतात. देवनागरीचे तसे नाही, कारण आपल्या अक्षराचा बराचसा अर्थ शिरोरेषेच्या वर आणि पायाखाली असतो. ‘सार्वजनिक ग्रंथालय’ या दोन शब्दांतला रफार आणि अनुस्वार या मापात जेमतेम एक-दोन ठिपक्यांचे उरतात, आणि फाइल लहान करण्यासाठी होणाऱ्या जेपीजीच्या दाबणीत तेही आजूबाजूच्या रंगात विरून जातात. पत्ता आणि नोंदणी क्रमांक यांची तर नुसती धूसर रेघ दिसते. दूरध्वनी क्रमांक चित्रात असल्याने त्यावर बोट ठेवून फोनही लावता येत नाही.

ही पद्धत जिथून आली तो काळ निराळा होता. संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या २०१० सालच्या ‘ट्वेंटी टेन’ या थीममध्ये, म्हणजे तयार साच्यात, हेडरचे माप ९४० बाय १९८ पिक्सेल असे बांधून दिलेले होते, पुढच्या वर्षीच्या ‘ट्वेंटी इलेव्हन’मध्ये ते १००० बाय २८८ झाले. पडदा बहुतेकांचा संगणकाचाच असे, त्यामुळे त्या चौकटीत नाव रंगवून टाकले तरी खपून जाई. आता एकच चित्र फोनवर, टॅबवर आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर वेगवेगळ्या प्रमाणात कापले जाते, आणि कापताना कडेच्या थोर पुरुषाचे अर्धे पागोटे जाईल की संस्थेच्या नावातले शेवटचे अक्षर जाईल, हे आधी सांगता येत नाही.

दुसरी अडचण अक्षरे मोडण्याची. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींची सोय चालू केलेली नसेल, तर ‘प्रतिष्ठान’ या शब्दातली वेलांटी ‘त’च्या आधी न येता नंतर येते आणि ‘ष्ठ’चे जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसू लागतो. उपाय अवघड नाही. प्रेफरन्सेसमधील टाइप या भागात तो पर्याय निवडायचा आणि परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ हा अक्षरजुळणीचा पर्याय लावायचा. जीआयएमपी आणि इंकस्केप ही मोफत सॉफ्टवेअर तर देवनागरी आपोआप नीट जोडतात. तरीही अनेक ठिकाणी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये नाव टाइप करून त्याचे चित्र करणे हीच पळवाट वापरली जाते. मोडकी अक्षरे तशीच चढवलेली हेडरेही मी पाहिली आहेत, आणि त्यांत शिक्षणसंस्थांची होती, याचे अधिक वाईट वाटते.

तिसरी बाब दृष्टिहीन वाचकांची. एनव्हीडीएसारखे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारे, सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरे एरवी वाचत नाही; चित्राला जोडलेला पर्यायी मजकूर वाचते. हेडरवर टिचकी मारली की मुखपृष्ठ उघडते अशी जोडणी बहुधा असते, आणि पर्यायी मजकूर लिहिलेला नसेल तर पडदावाचक अनेकदा फाइलचे नाव किंवा दुव्याचा पत्ताच वाचून दाखवतो. म्हणजे शतकी वाटचाल केलेल्या वाचनालयाची ओळख अंध वाचकाला ‘बॅनर फायनल न्यू थ्री’ अशी व्हायची. वेबसाठीच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतच, मजकुराचे चित्र शक्यतो टाळावे असे सांगितलेले आहे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ला १ एवढा फरक असावा, हेही तिथेच आहे. इमारतीच्या उन्हातल्या फोटोवर पिवळी अक्षरे या कसोटीला उतरणे कठीण आहे.

मग करावे काय? चित्र केवळ चित्र म्हणून घ्यावे : एकच छायाचित्र, ज्याचा महत्त्वाचा भाग मध्यावर आहे आणि ज्याच्या कडा कापल्या गेल्या तरी बिघडत नाही. त्यावर गडद रंगाचा हलका थर द्यावा आणि नाव थीममधल्या शीर्षकाच्या जागी युनिकोडमध्ये टाइप करावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतात, त्यामुळे फॉन्टची अडचण सांगण्याचे कारण उरलेले नाही. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ आपोआप येतो. हा आग्रह हौसेचा नव्हे. प्रमाण मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे यांविषयी राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजीच निर्णय काढला होता. एक काळजी मात्र घ्यावी लागते. इंग्रजीसाठी बेतलेल्या थीममध्ये ओळीची उंची इतकी कमी असते की वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात. हातात ब्रश घेऊन दुकानाच्या पाट्या रंगवणारे पेंटर शिरोरेषेच्या वर जागा सोडूनच सुरुवात करीत. इथे ओळीची उंची अक्षरांच्या मापाच्या दीडपट केली की तेवढेच काम होते.

चित्र चढवतानाही थोडे भान हवे. मोबाइलवर काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो आणि संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरवरील पीएचपी या प्रणालीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा, कोणी बदललेली नसेल तर, २ एमबी असते. फोटो चढत नाही म्हटल्यावर त्याचा स्क्रीनशॉट काढून तो चढवणारे लिपिक मला भेटले आहेत. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. फोटो १६०० ते २००० पिक्सेल रुंदीचा करून जेपीजीत मध्यम-उच्च प्रतीवर जतन केला, तर तो साधारणतः काहीशे केबीत बसतो आणि गावातल्या कमी रेंजवरही लवकर उघडतो. सपाट रंगांच्या बोधचिन्हासाठी पीएनजी किंवा एसव्हीजी वापरावे, जेपीजी नको. फाइलचे नाव रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवलेले बरे, कारण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह वेबपत्त्यात नऊ चिन्हांचे रूप घेते आणि दहा अक्षरांच्या नावाची शेपटी नव्वदच्या घरात जाते.

राजमुद्रेबद्दलही लिहिणे भाग आहे. खासगी न्यासांच्या हेडरवर वजन यावे म्हणून तीन सिंहांची मुद्रा सर्रास लावली जाते. तिच्या गैरवापराला मनाई करणारा कायदा २००५ सालीच झालेला आहे आणि शासनाशी संबंध असल्याचा भास होईल अशा रीतीने ती विनापरवानगी वापरता येत नाही.

अशा संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की संकेतस्थळाचे काम देताना करारातच दोन ओळी घालाव्यात : संस्थेचे नाव आणि संपर्क युनिकोड मजकुरात असेल, आणि हेडरची थर वेगळे ठेवलेली मूळ फाइल, वापरलेल्या फॉन्टच्या नावांसह, काम संपताच संस्थेच्या ताब्यात मिळेल. आज ती बहुधा मांडणीकाराच्याच संगणकात राहते आणि दूरध्वनी क्रमांकातला एक आकडा बदलायलाही संस्थेला नव्याने पैसे मोजावे लागतात. माझ्या व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही, पण अनुदानाच्या किंवा देणगीच्या पैशांतून झालेले काम संस्थेकडेच असले पाहिजे.

आपला,
एक वाचक आणि मांडणीकार, सांगली