बायला पत्र, तोंडी ठरलेल्या फीबद्दल

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस की पुण्याच्या त्या पार्टीने फी तोंडीच ठरवली, ओळखीचे आहेत म्हणून लिहून मागायला संकोच वाटतो. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. माझ्या केसचा निकाल तुला माहीत आहे, आत काय काय झालं ते मी कधी बोललो नाही.

2013 मध्ये कळंगुटच्या एका हॉटेलचं इलेक्ट्रिकल डिझाईन आणि साईटची देखरेख घेतली होती. फी ठरली साईटवरच, चहा घेताना, कामाच्या खर्चाच्या 4 टक्के. बाजूला प्लंबिंगचा कंत्राटदार उभा होता, बाकी कोणी नाही. खर्च झाला 1 कोटी 20 लाख, म्हणजे माझे 4 लाख 80 हजार, त्यातले 1 लाख दिले आणि मग फोन उचलणं बंद. तीन वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत 2015 ला दावा घातला.

तोंडी करार कोर्टात चालत नाही असं लोक म्हणतात ते चूक आहे बाय. 1872 चा कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट अशा कामाला कागद मागत नाही, पण ठरलं होतं हे सिद्ध करायला लागतं आणि तिथे माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. हॉटेलवाल्यांनी सांगितलं, 1 लाख ही मदत होती, फी नव्हेच. तेव्हा माझ्या सीएने 26एएस, म्हणजे माझ्या नावावर कापलेल्या कराचा इन्कम टॅक्सचा उतारा, काढून दाखवलं, त्यांच्याच अकाउंटंटने इन्कम टॅक्सच्या कलम 194जे खाली, म्हणजे प्रोफेशनल फी म्हणून, 10 हजार टीडीएस कापून भरला होता, मला चेक आलेला 90 हजारांचा. ती एक ओळ बघून मला कोर्टातच रडू आलं. पण त्यातून फी होती एवढंच कळतं, टक्का कळत नाही. टक्का माझ्या डायरीत होता, पावसाने शाई पसरलेलं ते पान, पण वकील म्हणाले नुसत्या आपल्याच नोंदीवर कोर्ट पैसे देत नाही, साक्षीदार पाहिजे. तो कंत्राटदार आपलं पुढचं काम जाईल हे माहीत असून उभा राहिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

2019 ला डिक्री झाली, म्हणजे माझ्या बाजूने पैसे देण्याचा हुकूम, ते जिल्हा कोर्टात अपिलात गेले. अपील घातलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, स्टे, म्हणजे वसुलीला स्थगिती, पाहिजे तर पैसे कोर्टात भरा असा हुकूम झाला. मग त्यांनी फी 2 टक्केच ठरली असं एक पत्र आणलं, म्हणे आता सापडलं. अपिलात नवीन पुरावा असा घेत नाहीत, खालच्या कोर्टात का दिला नाही त्याचं खरं कारण लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. आमच्या वकिलांनी कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम 70 पण मांडून ठेवलं होतं, टक्का नाही पटला तरी फुकट नसलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावाच लागतो, पण त्याची गरज पडली नाही. साक्षीदाराला समोर बघून खालच्या जजने विश्वास ठेवला, तो मोडण्यासारखं काही नाही, असं म्हणून अपील फेटाळलं, 2023 ला. पर्वरीला हायकोर्टात सेकंड अपील कायद्याच्या मोठ्या प्रश्नावरच चालतं, ते गेले नाहीत.

एका चहाच्या कपाला दहा वर्षं लागली, तुझ्या बारावीचा क्लासही त्यात राहिला, ते मला अजून टोचतं.

म्हणून आजच त्यांना मेसेज टाक, ‘काल बोलल्याप्रमाणे फी एवढी, अर्धी आधी, अर्धी काम दिल्यावर, बरोबर ना?’ त्यांचं नुसतं ‘हो’ आलं तरी चालेल. फोन बदललास तरी ते चॅट डिलीट करू नकोस. रिप्लाय आला की मला कळव, मी वाट बघतोय.

तुझा,
बाबा