मीटर कुणाच्या हातात?

संपादक महोदय,

आफ्रिकेतल्या खनिजांसाठी चीन आणि अमेरिकेत चाललेल्या चढाओढीच्या बातम्या हल्ली सारख्या येतात आणि त्यात कोण पुढे, कोण मागे एवढंच असतं, ज्यांच्या पायाखालून हा माल निघतो त्यांचं नावही नसतं, हे मला फार खटकतं.

बॅटरीत लागणारा कोबाल्ट हा धातू जगात साधारण ७० टक्के एकट्या कांगोतून (कांगो लोकशाही प्रजासत्ताकातून) येतो. कोल्वेझी शहरातल्या कासुलो वस्तीत घरांखालीच कोबाल्ट लागलं तेव्हा लोकांनी राहत्या घरात भुयारं खणली. खणणारा पोतं भरून डेपोवर नेतो, तिथे व्यापारी दगडाला त्यात कोबाल्ट किती ते दाखवणारं एक छोटं मीटर लावतो, जो आकडा दिसेल त्यावर भाव. मीटर व्यापाऱ्याचं, मग तो आकडा खरा की खोटा हे खणणाऱ्याने कसं ओळखायचं?

देशाचंही तेच होतं. कांगोचं बहुतेक कोबाल्ट अर्धवट प्रक्रिया करून चीनला जातं, खरी कमाई तिकडच्या रिफायनरीत होते. चीनने १९७० च्या दशकात टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरापासून झांबियापर्यंत १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधून दिली, आता अमेरिका आणि युरोप कांगोच्या खाणींकडून अंगोलाच्या लोबिटो बंदराला जाणारी रेल्वे लाईन सुधारायला पैसे देतायत. रेल्वे हवीच, मी विरोधात नाहीये, पण दोन्हीकडे माल शेवटी तिथे शुद्ध न होताच जहाजावर चढणार ना!

म्हणून मला झिंबाब्वेचं पाऊल महत्त्वाचं वाटतं. त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियमची निर्यात बंद केली आणि आता तिथेच एका चिनी कंपनीने लिथियम सल्फेटचा, म्हणजे लिथियमवर पुढची प्रक्रिया करणारा कारखाना उभारलाय. २०२३ मध्ये नामिबियानेही तसंच केलं. कांगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यातच थांबवली, ऑक्टोबरपासून किती माल बाहेर जाईल याचा कोटा लावला, आणि पडलेले भाव वर आले.

नुसत्या बंदीने कारखाने उभे राहत नाहीत हेही खरं, त्याला वीज लागते, आणि २०२४ च्या दुष्काळात वीज देणारं करिबा धरण आटलं तेव्हा झांबियात लोक तासन् तास अंधारात होते. भागीदारी करायचीच तर आधी वीज द्या, तिथल्या पोरांना रिफायनिंगचं काम शिकवा. कांगो आणि झांबियाने २०२२ मध्येच बॅटरीचं साहित्य मिळून बनवायचा करार केलाय, त्याला पैसा द्या.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या कराराची बातमी छापताना त्यातला किती माल तिथेच शुद्ध होणार आणि खणणाऱ्याला पोत्यामागे काय मिळणार, तेवढं जरूर विचारा.

आपला,
एक नियमित वाचक