वेस्ट व्हर्जिनियाची घसरण पाच विजयांतच दडलेली होती

महोदय,

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे लंबगोल चेंडूचा, मुख्यतः हातांनी खेळला जाणारा) हंगाम सुरू झाला की पहिल्या चार-पाच विजयांवरूनच एखाद्या संघाला विजेतेपदाचा दावेदार ठरवण्याची घाई दरवर्षी होते. अशा वेळी मला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा २०१२ चा संघ हटकून आठवतो. त्या वर्षी मी शिक्षणासाठी मॉर्गनटाउनमध्ये, म्हणजे या विद्यापीठाच्या गावीच होतो.

जानेवारी २०१२ मध्ये या संघाने ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात क्लेमसन विद्यापीठाचा ७०-३३ असा धुव्वा उडवला होता. क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जीनो स्मिथ आणि त्याचे पास झेलणारे टेव्हॉन ऑस्टिन व स्टेडमन बेली पुन्हा खेळणार असल्याने अपेक्षा उंचावल्या होत्या. पहिले पाचही सामने जिंकून संघ एपी या वृत्तसंस्थेच्या देशव्यापी क्रमवारीत पाचव्या स्थानी पोहोचला, तेव्हा स्मिथच्या नावावर २४ टचडाउन पास (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोहोचवून सहा गुण मिळवून देणारे) होते आणि प्रतिस्पर्ध्याने त्याचा एकही पास पकडलेला नव्हता. हंगामातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक त्यालाच मिळणार, असे गावात जो तो सांगत होता.

मात्र त्यांतला चौथा विजय, २९ सप्टेंबरचा बेलरविरुद्धचा, ७०-६३ असा होता. स्मिथने त्या दिवशी ६५६ यार्डांचे पास दिले, आठ टचडाउन केले, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या तोंडी ७० हाच आकडा होता. ६३ गुण देणाऱ्या बचावफळीविषयी विचारणारा रसिक विजयोत्सवात विरजण घालणारा ठरला असता. (मीही विचारले नाही, हे कबूल करतो.) आठवडाभराने टेक्सासला ४८-४५ असे हरवताना त्याच बचावफळीने आणखी ४५ गुण दिले. मूळ दुखणे आधीच्या उन्हाळ्यापेक्षाही जुने होते: बचावाचे प्रशिक्षक जेफ कॅस्टील २०११ च्या हंगामानंतर ॲरिझोनाला गेले होते आणि त्यांची वर्षानुवर्षे मुरलेली बचावाची रचना मोडून नवी उभारली जात होती.

पुढचे पाच सामने संघ ओळीने हरला. टेक्सास टेकने ४९-१४ आणि कॅन्सस स्टेटने ५५-१४ असे लोळवले, टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) संघाविरुद्धचा सामना दुसऱ्या जादा डावात एका गुणाने गेला, ओक्लाहोमा स्टेटने ५५ गुण केले. संघ त्याच वर्षी बिग ईस्ट हा विद्यापीठांचा साखळी गट सोडून बिग ट्वेल्व्ह या गटात आला होता आणि नवे प्रतिस्पर्धी हजार किलोमीटरहून दूर होते, त्यामुळे प्रवासाच्या थकव्याकडे बोट दाखवले गेले. ते मला तेव्हाही पटले नव्हते, कारण या पाचपैकी तीन पराभव मॉर्गनटाउनच्याच मैदानावर झाले.

त्यांतला शेवटचा, १७ नोव्हेंबरचा, ओक्लाहोमाविरुद्धचा. ऑस्टिनने चेंडू घेऊन ३४४ यार्ड धाव घेतली, संघाने ४९ गुण केले आणि अवघे २४ सेकंद उरले असताना झालेल्या टचडाउनमुळे सामना ५०-४९ असा हातचा गेला. एवढे करूनही हरणाऱ्या आक्रमणाकडे आणखी काय मागायचे?

तरीही उतरणीचा बोल लागला तो मुख्यतः स्मिथला. पूर्ण हंगामात त्याचे ४२ टचडाउन पास होते आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले केवळ सहा. पण हाइझमन दुसऱ्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झेल याच्याकडे गेला आणि व्यावसायिक संघांच्या निवडीत स्मिथ दुसऱ्या फेरीपर्यंत, ३९ व्या क्रमांकापर्यंत घसरला. १३ सामन्यांत ४९५ गुण देणारी बचावफळी मात्र चर्चेत मागेच राहिली. संघाचा हंगाम सात विजय आणि सहा पराभवांवर संपला.

आपल्या क्रीडा पानावर परदेशी स्पर्धांचे तक्ते छापताना जागेअभावी बहुधा फक्त विजय-पराभव दिले जातात. त्यांत संघाने किती गुण दिले, हा एक रकाना वाढवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक