इंजिनखोलीतल्या काकांना जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठेही घालायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. आभार मात्र चारचौघांतच मानणार, तिथे तुमचं काही चालायचं नाही. वाचनालयातलं व्याख्यान संपल्यावर लोक मला येऊन 'छान झालं' म्हणत होते, आणि ज्यांच्यामुळे ते छान झालं ते मागच्या दारानं चपला घालून पसार! म्हणून हे पत्र.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी विषय थोडक्यात सांगते. सप्टेंबर १९४३, ब्रिटिश नौदलाचं 'ऑपरेशन सोर्स'. जर्मनीची 'तिरपिट्झ' ही युद्धनौका नॉर्वेच्या पार उत्तरेला, कोफ्योर्ड या फ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) जाळ्यांच्या आड नांगरून बसली होती. अडीचशे मीटर लांब, पंधरा इंची आठ तोफा. ती नुसती बसून राहिली तरी शत्रूला घाम फुटायचा. जुलै १९४२ मध्ये ती बाहेर पडणार या धास्तीनंच ब्रिटिशांनी रशियाला निघालेल्या पीक्यू-१७ या मालवाहू ताफ्याला पांगायचा हुकूम दिला. मग जर्मन विमानांनी आणि पाणबुड्यांनी त्यातली २४ जहाजं बुडवली. तिरपिट्झनं त्या ताफ्यावर एक गोळासुद्धा डागला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मासेमारी बोटीखाली बांधून 'चॅरियट' नावाचे माणसं स्वार होणारे पाणतीर तिच्यापर्यंत न्यायचा प्रयत्न झाला. ते वादळात तुटून तळाला गेले. त्यानंतर पाळी आली चौघांच्या चिमुकल्या पाणबुड्यांची, म्हणजे एक्स-क्राफ्टची.

हे सगळं माझ्या वहीत होतं. तारखा, टनांचे आकडे, पदकं, सगळं. वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आणि ती बोट तिथवर नेली कोणी?"

त्या प्रश्नासाठी पहिले आभार.

दुसरे आभार खडूसाठी. नातीच्या पेटीतला खडू घेऊन तुम्ही सोसायटीच्या गच्चीवर ५१ फूट लांब आणि जेमतेम पावणेसहा फूट रुंद अशी आकृती काढलीत. पुढे बॅटऱ्या, त्यांच्यावर एकुलती एक झोपायची फळी. मध्ये एक खुराडं. मग नियंत्रणकक्ष, आणि मागे लंडनच्या बसला असतं तसलं गार्डनर डिझेल इंजिन. पेरिस्कोपच्या घुमटाखालची जागा सोडली तर कुठेही ताठ उभं राहायची सोय नाही. तुम्ही मला त्या मधल्या चौकोनात गुडघे पोटाशी घेऊन बसवलंत. "हा दरवाजा. जाळं कापायला पाण्यात उतरणारा माणूस इथूनच बाहेर जाणार. आणि संडासही हाच." मग तुम्ही व्हॉल्व्ह उघडल्यासारखा हात फिरवलात. "पाणी घोट्याला आलं. कमरेला आलं. आर्क्टिकचं पाणी आहे, दात वाजतील, वाजू देत. आता हनुवटीला. वरचं झाकण अजून उघडायचं नाही, आतला-बाहेरचा दाब सारखा होऊ दे." टाकी बघायला आलेला वॉचमन पायरीवरच थबकला होता. त्याला काय वाटलं असेल ते तोच जाणे. पण जाळं कापायला जाणारा माणूस बाहेर पडण्याआधीच किती थकत असेल, हे मला त्या चौकोनात कळलं.

फॉक्सट्रॉट पाणबुडीच्या इंजिनखोलीत तुम्ही उमेदीची वर्षं काढलीत. तुमची पाणबुडी पाऊणशे माणसांची, ही चौघांची. तरी घाम, डिझेलचा वास आणि भिंतींवरून टिपटिप गळणारा दमटपणा तोच, असं तुम्ही म्हणालात. ट्रिमचं, म्हणजे पाण्याखाली बोटीचा तोल सांभाळण्याचं, तुम्ही समजावलंत तेवढं सोपं करून मला कुठेच सापडलं नव्हतं. फ्योर्डमध्ये डोंगरावरून उतरलेलं गोडं पाणी खाऱ्यावर पसरलेलं असतं. खाऱ्यात नीट तोललेली बोट गोड्यात शिरली की जड होते आणि खाली जायला लागते, परत खाऱ्यात आली की वर उसळी मारते. शत्रूच्या नाकाखाली हे सांभाळत बसायचं!

आता ज्यांच्याबद्दल तुम्ही मला बोलायला लावलंत त्यांच्याकडे येते. सहा एक्स-क्राफ्ट ११ सप्टेंबरपासून स्कॉटलंडच्या लॉख केर्नबॉनमधून निघाल्या, प्रत्येकीला एक मोठी पाणबुडी दोरानं ओढत नेत होती. हजार मैलांहून जास्त अंतर. हल्ला करणारे चौघे मोठ्या पाणबुडीत विश्रांती घेत होते आणि छोट्या बोटीत होती तिघांची वेगळी तुकडी, पॅसेज क्रू. त्यांचं काम एवढंच, की बोट धडधाकट नेऊन दुसऱ्यांच्या हाती द्यायची. दिवसभर पाण्याखाली, दर सहा तासांनी हवा घ्यायला पाव तास वर. बाकी वेळ पाणी उपसणं, ओल पुसणं, बॅटऱ्या तपासणं. दोराबरोबर टेलिफोनची तार होती, ती सारखी बंद पडायची. नायलॉनचे दोर सगळ्यांना पुरले नाहीत, म्हणून काहींना मनिला दोर मिळाले. एक्स-७, एक्स-८ आणि एक्स-९ यांचे दोर वाटेत तुटले.

एक्स-९ पुन्हा दिसलीच नाही. 'सर्टिस' पाणबुडीनं हवा घ्यायच्या वेळेला खूण दिली, उत्तर आलं नाही. दोर ओढला तर पुढे काहीच नव्हतं. तिघंही गेले. व्याख्यानात मी इथे थांबले तेव्हा तुम्ही चष्मा पुसत होतात, ते मला दिसलं.

प्रत्येक बोटीच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा सुरुंग बसवलेला असे; एक्स-८ चे सुरुंग गळायला लागले म्हणून ते सोडून द्यावे लागले, आणि पुढे तीही बुडवावी लागली. एक्स-१० ज्या 'शार्नहोर्स्ट'साठी निघाली होती ती नौका तोफांच्या सरावाला जागा सोडून गेलेली. एक्स-७ च्या नाकाला एक तरंगता सुरुंग अडकला, तो तिचा कॅप्टन गॉडफ्री प्लेस यानं पायानं ढकलून दूर केला. हे वाक्य मी ऐकवलं तेव्हा तुम्ही 'वेडा' एवढंच म्हणालात.

२२ तारखेच्या सकाळी एक्स-६ मध्ये डोनल्ड कॅमेरून, जॉन लॉरिमर, रिचर्ड केंडल आणि इंजिनाचा आर्टिफिसर, म्हणजे यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ, एडमंड गोडार्ड होते. तुमचा जीव गोडार्डवर जडला, आणि का जडणार नाही? पेरिस्कोपात पाणी शिरलेलं, एका बाजूच्या सुरुंगात पाणी भरल्यानं बोट कललेली. रात्री पेरिस्कोप खोलून पुसायचा, सकाळी काच परत धूसर. अशा आंधळ्या बोटीतून ते एका छोट्या बोटीच्या मागोमाग जाळ्याच्या फाटकातून आत शिरले. खडकाला टेकले, वर आले, दिसले. तिरपिट्झच्या इतके जवळ की मोठ्या तोफा खाली वळेनात, म्हणून डेकवरून बंदुका आणि हातबॉम्ब. कॅमेरूननं दोन्ही सुरुंग खाली सोडले, बोट बुडवली आणि चौघंही शरण आले. त्यांना त्याच जहाजावर चढवलं. खाली प्रत्येकी दोन टनांचे सुरुंग टिकटिकतायत आणि वर हे चौघे पहाऱ्यात, चोरून घड्याळ बघत!

प्लेसची एक्स-७ जाळ्यात अडकत, सुटत जहाजावर जाऊन आदळली. तिनं एक सुरुंग पुढे आणि एक मागे टाकला. आठ वाजून बारा मिनिटांनी सगळं फुटलं. जर्मनांनी दोर ताणून जहाजाचं नाक थोडं बाजूला सरकवलं होतं, नाहीतर निकाल तिथेच लागता. तरी प्रचंड धूड पाण्यातून उचललं गेलं, टर्बाइन जागेवरून हलल्या, तोफांचे मनोरे निखळले. बुडाली नाही, पण १९४४ च्या वसंतापर्यंत तिरपिट्झ कामाची राहिली नाही. तिची सोबतीण शार्नहोर्स्ट डिसेंबरात तिच्याविना बाहेर पडली आणि बुडाली. तिरपिट्झ शेवटी १२ नोव्हेंबर १९४४ ला ट्रॉम्सोजवळ विमानांच्या प्रचंड बॉम्बनी उलटली.

एक्स-७ मधले व्हिटम आणि व्हिटली बोटीतच गेले. प्लेस आधीच बाहेर पडला होता; मागे राहिलेल्यांपैकी तासन्‌तास तळाशी अडकून रॉबर्ट एटकिन तेवढा वर आला. एक्स-५ मधून कोणीच परतलं नाही. कॅमेरून आणि प्लेसना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, गोडार्डला शौर्यपदक.

तुमचं एक म्हणणं मला अजून पटलेलं नाही, हे जाहीरपणेच सांगते. पेरिस्कोप गेलेली बोट घेऊन कॅमेरूननं आत शिरायला नको होतं, असं तुम्ही म्हणता. पण बाकीच्या बोटींशी बोलायची सोय नव्हती. हा थांबला असता आणि त्यांचे सुरुंग फुटले असते, तर सगळा फ्योर्ड जागा झाला असता, मग याला आत कोण जाऊ देणार? तुम्ही म्हणालात, "मशीन काय म्हणतंय ते ऐकायचं असतं." आर्टिफिसर असंच बोलणार. कॅप्टनला दुसरंही ऐकावं लागत असेल.

काकूंचेही आभार. आपला वाद चालू असताना त्यांनी न विचारता पोहे पुढे ठेवले, आणि "मला ह्यांनी कधी इतकं सांगितलं नाही हो" असं म्हणाल्या. ते तुम्ही ऐकलंत की ऐकलं नाहीसं केलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

पुढच्या वेळी विषय सिंगापूरचा, जुलै १९४५, जपानी क्रूझर 'ताकाओ'. तिच्या तळाखाली एक्सई-३ अडकली, ओहोटी लागलेली, आणि मॅगेनिस नावाचा पाणबुड्या तळावरच्या शिंपा खरवडून सुरुंग चिकटवत होता. त्याच्या श्वसनयंत्रातून ऑक्सिजन गळत होता. तो किती वेळ पुरतो याचं गणित मला येत नाही, तुम्हाला येतं. खडू मी आणते. वॉचमनला आधी सांगून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचनालयातली बाई