तिकिटं लावलेल्या त्या पाकिटाबद्दल

आदरणीय संपादककाका,
सा. न. वि. वि.

माझ्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाल्यापासून जिल्ह्यात सत्कार चालू आहेत. शाल, नारळ, आणि 'ताईंनी जिद्दीनं लिहिलं' हे वाक्य. माझी बोलायची वेळ आली की तुमच्याबद्दल सांगायचं ठरवलेलं असतं आणि नेमका तिथेच गळा दाटतो. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहून काढते. स्वतःचं नाव छापलेलं तुम्हाला आवडत नाही, तेवढं गाळते.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गोष्टी पाठवल्या, त्यांतल्या बहुतेकांनी होय-नाहीसुद्धा कळवलं नाही. एकांनी निरोप धाडला, अंकासाठी दोन जाहिराती मिळवून द्या, मग कथेचं बघू. एका प्रकाशकांनी पहिलं पानही न उलटता विचारलं, तुम्ही किती पैसे घालू शकाल? आणि एका कार्यक्रमात एक मोठे लेखक म्हणाले, तुम्ही अंगणवाडीवरच लिहा, तुमचा विषय तो. मी सालगड्याची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणाऱ्याची मुलगी. पाडव्याला बापाचं साल ठरायचं, ते कसं ठरायचं हे मला लिहायचं होतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं. राग अजून गेलेला नाही काका, आणि तो गेला असं मी खोटं लिहिणार नाही.

मग तुमच्याकडून कथा परत आली. साभार परतीचा छापील कागद त्यात नव्हता. प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर होतं आणि शेवटी लिहिलं होतं : 'गोष्ट चौथ्या पानावर सुरू होते, बाप मालकाच्या ओसरीखाली उभा राहतो तिथे. आधीची पानं काढा. आणि आई कुठे आहे? पुन्हा लिहा, वाट पाहतो.' सोबत एक रिकामं पाकीट. त्यावर तुमच्याच हातानं तुमचा पत्ता, आणि वर तिकिटं चिकटवलेली.

नापसंत साहित्य परत हवं असेल तर पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट लेखकानं जोडायचं, ही सूचना मी कितीतरी दिवाळी अंकांत वाचली होती, पाळलीही होती. संपादकानं लेखकाला तिकिटं पाठवल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पोस्टातल्या दादांना दाखवलं तर ते म्हणाले, ही तर जास्तीची आहेत, जाड पाकीटसुद्धा जाईल. म्हणजे कथा वाढली तरी चालेल, हाही विचार तुम्ही करून ठेवला होता. माझं अंगणवाडीचं मानधन तुटपुंजं, घरी दोन मुलं. मला टपालखर्चाचा विचार करावा लागतो हे तुम्ही ओळखलंत आणि त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. ते पाकीट मी पिठाच्या डब्यावर, रोज दिसेल असं ठेवलं.

दिवसा बाळांची वजनं, घरपोच आहार, मोबाइलवरच्या नोंदी. रात्री भांडी झाल्यावर कथा. आईला आणलं तर बाप मागे गेला, बापाला पुढे ओढलं तर मालक नाटकातला वाटू लागला. पहिली तीन पानं फाडताना रडले, कारण त्यांतच मला आवडलेली सगळी वाक्यं होती. लोक जिला जिद्द म्हणतात ती माझ्यात आधीही होती, पण ती त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा गिरवत होती. कुणीतरी वाट पाहतंय म्हटल्यावर ती कामाला लागली.

पुढे फोनवर तुम्ही 'सत्यकथे'बद्दल सांगितलंत. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेवर पुन्हा काम करायला लावत. ते मासिक १९८२ साली बंद पडलं, पण ती रीत तुम्ही एका लहानशा अंकात, जाहिरातींसाठी वणवण करत, चालू ठेवलीत. मी शाळेत असताना १९९५ साली परभणीला साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष कवी नारायण सुर्वे. गिरणी कामगारानं वाढवलेला, शाळेत शिपाई म्हणून राबलेला माणूस त्या खुर्चीवर बसतो, हे आमच्या गुरुजींनी आम्हाला अभिमानानं सांगितलं होतं. त्या दिवशी लिहायचं मनात आलं. लिहिता येईल असं मात्र तुमच्या पेन्सिलीनंतर वाटलं.

समोरच्याला लाज वाटू न देता मदत करणारी माणसं फार थोडी भेटतात. आमच्या वाडीत एक आजी होत्या, बाळंतिणीच्या घरी तूप ठेवून जायच्या आणि विचारलं तर 'मला नाही माहीत' म्हणायच्या. अशांचे सत्कार होत नाहीत. व्हायला हवेत, असं मला फार वाटतं.

संग्रहाची प्रत टपालानं पाठवली आहे. सुट्टी मंजूर झाली की पुण्याला येते. काकूंना नमस्कार सांगा, आणि ज्वारी विकत घेऊ नका म्हणावं, मी घरची आणते आहे.

तुमची,
परभणी जिल्ह्यातली एक अंगणवाडी सेविका