मुलींच्या त्या एका वर्षाचे वेळापत्रक नागपूरच्या मातीने ठरवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीनंतर लगेच कॉलेजात न जाता मुलींनी एक वर्ष पवित्र शास्त्राचा अभ्यास करावा आणि सोबत घर-शेतीची कामे शिकावीत, असे आता आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतही बोलले जाते. अमेरिकेत असे वर्ग चालतात. सकाळी शास्त्राभ्यास आणि प्रार्थना, दुपारी भाजीमळा, कोंबड्या, ब्रेड, मुरंबे, साबण, शिवण. या कामांना तिकडे ‘होमस्टेडिंग’ म्हणतात. शब्दामागे १८६२ चा कायदा आहे, कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन कसायला देणारा. कल्पना आम्हाला मनापासून पटते. मात्र तिकडची वही इथे जशीच्या तशी उतरवली तर मुलींचे वर्ष वाया जाईल, म्हणून हे पत्र.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना घेऊन गेल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना शेती, दुभती जनावरे, विणकाम, तेलघाणी, छपाई असे सगळे शिकवले. प्रार्थना आणि काम यांचे तिथे वेगवेगळे खाते नव्हते. नमुना हवाच असेल तर तो इतक्या जवळ आहे.

पहिली चूक वेळापत्रकात होते. अमेरिकेत पेरणी वसंतात. तोच तक्ता धरून मार्च-एप्रिलमध्ये इथे वाफे केले की मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत रोपे करपतात आणि मुली समजतात की आपल्या हाताला गुण नाही. इथे वर्ग जूनमध्ये सुरू व्हावा. आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, त्यामुळे सपाट वाफ्यात मुळे कुजतात. गादीवाफेच हवेत : तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, दहा फूट लांब, नऊ इंच उंच, मधे दीड फुटाचा चर. एका वाफ्याला नीट कुजलेले शेणखत तीन घमेली आणि निंबोळी पेंड अर्धा किलो. कच्चे शेण टाकले की मुळे खाणारी हुमणी अळी आलीच. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका; दसऱ्यानंतर मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर). वांगी-टोमॅटोची रोपे मात्र भाद्रपदातच टाकलेली हवीत.

पिल्लेही दसऱ्याच्या सुमारास आणावीत. जूनमध्ये आणली तर ओल्या तुसात रक्ती हगवण लागते, एप्रिलमध्ये आणली तर उन्हाने मरतात. वनराजा किंवा गिरिराजा जातीची पंचवीस पिल्ले शिकायला पुरेशी. खाली दोन-तीन इंच भाताचे कोरडे तूस आणि वर साठ वॉटचा बल्ब. पहिल्या आठवड्यात ऊब पस्तीस अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पण आकड्याहून पिल्लांकडे बघायला शिकवावे. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी आहे, चोच उघडी टाकून कडेला पळाली तर ऊब जास्त झाली. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा. लस बर्फात आणायची आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. लस देऊनही मानमोडी आली अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बहुधा लस वाटेतच तापलेली असते.

आता संत्रे. आंबिया बहराचे, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांचे फळ नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येते आणि नाताळच्या विक्रीसाठी मार्मलेड (सालीसकट संत्र्याचा मुरंबा) करायचे सगळ्यांच्याच मनात असते. इंग्रजी कृतीने केलेले मार्मलेड पातळ राहते. त्या कृती कडू-आंबट, जाड सालीच्या संत्र्यासाठी लिहिलेल्या असतात. त्यात आंबटपणा आणि पेक्टिन, म्हणजे मुरंबा घट्ट करणारा फळातला घटक, भरपूर. आपल्या सैल सालीच्या गोड संत्र्यात दोन्ही कमी. म्हणून एक किलो सोललेल्या फोडींना चार लिंबांचा रस घालावा. फोडींची पांढरी साल आणि सगळ्या बिया काढाव्यात. चार संत्र्यांच्या सालीची आतली पांढरी बाजू खरवडून घ्यावी आणि ती व लिंबाच्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून पातेल्यात सोडाव्यात, पेक्टिन तिथूनच मिळते. वरची केशरी साल बारीक चिरून दोनदा उकळावी, दोन्ही वेळा पाणी ओतून द्यावे आणि मग ती फोडींसोबत शिजवावी. साल बोटांनी सहज तुटेपर्यंत साखर घालू नये, नाहीतर ती कायमची चिवट राहते. मग पुरचुंडी पिळून काढावी, साखर आठशे ग्रॅम, आणि मोठी आच.

इथे थर्मामीटर लागतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळते. आधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून आकडा बघावा आणि त्यावर साडेचार-पाच अंश चढले की पातेले उतरवावे. गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला तर सुरकुती पडायला हवी. त्यापुढे उकळत ठेवले तर रंग काळपट होतो आणि साखर दाणे धरते. संत्र्याचा रस काढून ठेवायच्या भानगडीत मुलींना सुरुवातीला पाडू नये. बिया-पापुद्र्यांसकट काढलेला रस थोड्या वेळाने कडू होतो, आणि ते थोपवणे घरगुती काम नाही.

साबणाबद्दल एकच आग्रह : वाटी-चमच्याचे माप बंद, ग्रॅमचा काटा हवा. १०० ग्रॅम खोबरेलाला कॉस्टिक सोडा अठरा ग्रॅमच्या जरा वर लागतो, शेंगदाणा तेलाला साडेतेरा. खोबरेल ३००, शेंगदाणा तेल २००, सोडा ७८, पाणी १८० ग्रॅम हे प्रमाण पाच टक्के तेल शिल्लक ठेवते, त्यामुळे हात सोलत नाहीत. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही. भांडे स्टीलचे, ॲल्युमिनियम सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी याशिवाय वर्ग सुरूच करू नये. अंगावर उडाले तर लिंबू-व्हिनेगर न लावता निदान पंधरा मिनिटे नळाखाली धरावे. वड्या चार ते सहा आठवडे मुरल्यावरच वापरायच्या. शिवण, वाळवण, तूप कढवणे घरोघरी येते, त्यावर फार तास घालवू नयेत.

शास्त्राभ्यासाचेही माप असावे. पवित्र शास्त्राचे १,१८९ अध्याय आहेत. रोज चार वाचले तर दहा महिन्यांत पूर्ण होतात. यात नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय हटकून येतो, आणि तो नेहमी अर्धाच शिकवला जातो असे आमचे स्पष्ट मत आहे. ती सद्गुणी स्त्री पहाटे उठते, सूत कातते, हे सांगितले जाते. तीच स्त्री शेत पारखून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्याला विकते, हे मागे पडते. तेव्हा या वर्षात सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे वाचता आलेच पाहिजेत, फेरफार म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद कशी होते ते कळले पाहिजे. मार्मलेडच्या बाटलीचा खर्च काढताना गॅस, झाकण आणि स्वतःची मजुरी धरता आली पाहिजे. विकायचे असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लहान उत्पादकालाही लागते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे-मुलींना सारखे, हे प्रत्येक मुलीला तोंडपाठ हवे. हे शिकवायचे नसेल तर तो वर्ग लग्न ठरेपर्यंतची सोय ठरेल, आणि त्याला शास्त्राचे नाव देऊ नये.

मुलगी अठरा पूर्ण झालेली असावी, स्वतःच्या मनाने आलेली असावी, तिचा फोन तिच्याजवळच असावा. पुढच्या प्रवेशासाठी कॉलेजे बहुधा शिक्षणातल्या खंडाचे (गॅपचे) प्रतिज्ञापत्र मागतात. ते करून ठेवावे. वर्ष बुडेल अशी धास्ती असलेल्या पालकांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पहिल्या वर्षाचा प्रवेश सोबतच घेता येतो.

नागपूर, काटोल, कळमेश्वर भागात अनेक चर्चच्या मागे पडीक जागा आहे. ज्या मंडळ्यांच्या मनात हा वर्ग असेल, त्यांनी ती जमीन मे महिन्यातच उभी-आडवी नांगरून उन्हात तापू द्यावी. हुमणीच्या अळ्या वर येऊन पक्षी वेचतात आणि हरळीच्या मुळ्या सुकतात. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत चार-पाच दिवस पाय ठेवता येत नाही, त्यामुळे वाफ्यांची आखणीही त्याआधीच झालेली हवी.

आपल्या,
घर-शेती आणि गृहउद्योग शिकवणाऱ्या काही ख्रिस्ती भगिनी, नागपूर